गुरुजींचा अपमान राहून गेला

सांगवी, ता. बारामती
१४ जानेवारी १९९६

अंजली हिस,
सप्रेम जयभीम.

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं. मग वाटलं, तुझ्या वसतिगृहात पत्र कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही, म्हणून खोडलं. खोडलेलं वाचता येतंय का बघ. येत असेल तर बरंच झालं.

मी कॉलेज सोडलं हे तुला कळलंच असेल. तू डी.एड.ला इंदापूरला गेलीस आणि वर्गात बघण्यासारखं काही उरलं नाही, हे एक कारण. दुसरं म्हणजे गॅदरिंग. मी प्राचार्यांची नक्कल केली. प्राचार्य पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी संस्थेचे एक पदाधिकारी आले आणि म्हणाले, ती नक्कल प्राचार्यांची नव्हती, माझी होती, माफी लिहून दे. मी म्हणालो, नक्कल कुणाची ते तुम्ही दोघं आधी ठरवा, मग ज्याची ठरेल त्याची माफी मागतो. त्यावर जे झालं ते झालं. आता एस.वाय.ची पुस्तकं कपाटावर आणि मी आमच्या संभाजीच्या मांडव-स्पीकरच्या टेम्पोत.

माझं काम माईकचं. आपल्याकडं लग्नात नवरानवरी उशिरा आली तरी चालतं, माईकवाला वेळेत लागतो. कोण आलं ते सांगायचं, त्याला स्टेजवर बोलवायचं, टॉवेल-टोपी-नारळ द्यायचा, पुढचं नाव घ्यायचं. यजमान चिठ्ठ्या पाठवतो, मी वाचतो. एखादं नाव राहिलं की माणूस न जेवता उठून जातो आणि पुढची दोन इलेक्शनं बोलत नाही.

परवा गावातच लग्न होतं. पत्रिकेत वेळ सव्वाबाराची. मोठे साहेब आल्याशिवाय लावायचं नाही असं ठरलेलं. दोन वाजले. टॉवेल संपले, टोप्या संपल्या. नवरीच्या हातातल्या हाराचं गवत झालं. पोरं भुकेनं रडायला लागली. यजमान येऊन म्हणतो, ‘‘बोलत ऱ्हा रं, थांबू नगंस.’’ माझं डोकं सटकलं. तुला माझं डोकं माहीत आहे. मी माईक तोंडाशी धरला आणि म्हणालो:

‘‘मंडळी, सायेब आल्याबिगार लगीन लावायचं न्हाय, असं ठरलंय. मान्य हाय. पर मला येक सांगा, आज लावायला त्येंची वाट बघायची, मग रातच्याला बी नवऱ्यानं त्येंचीच वाट बघायची काय?’’

अंजली, मला वाटलं, आता मार पडतो. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक म्हातारी ओरडली, ‘‘मुडद्या, खरं बोललास!’’ आणि चारशे माणसं जी हसली म्हणतेस! नवरदेव हसला. नवरी हार तोंडावर धरून हसली. नवरीच्या बापानं तिथल्या तिथं भंतेजींना खुणावलं, वंदना सुरू झाली, लग्न लागलं. साहेब साडेतीनला आले. तोवर पंगत उठलेली.

आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की मला काही तरी येतं. तुझ्याकडं काय चाललंय? तुझे वडील, गुरुजी, तुझ्यासाठी स्थळं बघतायत असं ऐकलं. खोटं असेल.

धम्मदीप


इंदापूर
२३ जानेवारी १९९६

धम्मदीप,
जयभीम.

खोडलेलं वाचता आलं. मला आणि आमच्या रेक्टर शकुबाईंनाही. इथं येणारं प्रत्येक पत्र त्या फोडतात. तुझं वाचून त्यांनी मला खोलीत बोलावलं. चेहरा असा, की मला वाटलं आता बिछाना गुंडाळून निमगावची एस.टी. धरावी लागणार.

‘‘हा चावट मुलगा कोण?’’

मी मान खाली घातली.

‘‘वळण नाही, लाज नाही. असली पत्रं माझ्या वसतिगृहात चालणार नाहीत.’’ मग चष्मा काढून पुसला. ‘‘साहेबांना जेवण मिळालं का शेवटी?’’

तेव्हा लिहीत जा. त्यांनी परवानगी दिलीय, अट एवढीच की आधी त्या वाचणार.

आता माझं. चावटपणा तू शोधून काढलास, अशा हवेत राहू नकोस. आमच्याकडं हळदीला बायका नवऱ्यामुलाच्या आईला जे ऐकवतात ते तुझ्या माईकवर एकदा लाव, संभाजीचा स्पीकर जळेल. त्यांना टॉवेल-टोपी कुणी देत नाही म्हणून त्यांच्या विनोदाचं नाव झालेलं नाही. तरी तू म्हणालास ते मला आवडलं. सगळ्यांच्या मनात असतं आणि कुणी बोलत नाही, ते मोठ्यानं ऐकलं की आपण एकटेच वाईट नाही असं वाटतं. म्हणून हसू येतं.

स्थळाचं ऐकलंस ते खरं आहे. सुप्याचा तलाठी. येऊन गेला. माझ्याशी एकच बोलला, ‘‘भाजीत मीठ किती घालता?’’ मी म्हटलं, ‘‘चवीपुरतं.’’ बाबांना दोघांचीही उत्तरं पसंत पडली. बाबा मुख्याध्यापक, त्यांना जावई नोकरदार हवा. माझ्या थोरल्या बहिणीचं, साक्षीताईचं लग्न बारा मेला निमगावात आहे. त्याच मांडवात माझा साखरपुडा उरकायचा त्यांचा विचार आहे.

तू चारशे माणसांसमोर बोलतोस म्हणे. मग एका माणसासमोर बोल. बाबांसमोर. विनोद नको, एक सरळ वाक्य.

अंजली

(खाली पेन्सिलीनं: पत्र पाहिले. मुलाने अभ्यासही करावा. श.)


सांगवी
२ मार्च १९९६

अंजली,
आणि शकुबाई,
जयभीम.

उशीर झाला, कारण तारखाच एवढ्या आहेत. संभाजीनं टेम्पोवर माझं नाव रंगवलंय. मांडवापेक्षा मोठं.

आता मला चिठ्ठी वाचायचा कंटाळा येतो. मी आपला बोलतो. परवा बोललो घराबद्दल. ‘‘दोन खोल्यांचं घर. भाईर म्हातारा, आत म्हातारी, मधी दोन नणंदा, दाराशी दीर, कोपऱ्यात शेरडू. त्यात नव्या जोडप्याला पडदा लावून दिलाय, साडीचा. इकडं कूस बदलली की तिकडं म्हातारा खोकतो. आन् तरी वरसाच्या आत पाळणा हालतो! मंडळी, ह्याला म्हंत्यात जिद्द! सरकारनं बक्षीस द्यावं असली जिद्द!’’ एक म्हातारा खोकायला लागला, ते हसून की लाजून कळेना. जेवताना तीन नव्या जोडप्यांनी येऊन माझा हात दाबला.

मग मी नावं घेऊन बोलायला लागलो. साखर कारखान्याचे एक डायरेक्टर आहेत. आठवड्यातून दोनदा मीटिंगला म्हणून जातात, आणि मीटिंगहून येताना अंगाला मोगऱ्याचा वास येतो. मी तेवढंच म्हणालो, की असली मीटिंग आमच्या ग्रामपंचायतीत कधी होत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांची दोन माणसं मोटरसायकलवर आली. मी टेम्पोची पहार हातात घेतली. म्हटलं, एकाला तरी घेऊन जाईन. तर ते म्हणाले, ‘‘सायेब खूश हायती. पुतण्याचं लगीन हाय, तितं बी हेच बोलायचं, जरा वाढवून.’’

खरी गंमत पुढं. आमचे सरपंच तात्याबा घरी आले. तोंड सुजल्यासारखं.

‘‘का रं, मी काय मेलोय व्हय?’’

‘‘असं का म्हणताय तात्या?’’

‘‘डायरेक्टरवर तीन इनोद. चेरमनवर दोन. त्यो कालचा पाणीवाटपवाला, त्येच्यावर बी येक. आन् मी पहिल्या वळीत बसलेला, माझं नाव न्हाय. घरी बायकू इचारती, तुमाला कुणी वळकत न्हाय का?’’

‘‘पर तुमच्याबद्दल काय बोलायचं तात्या?’’

‘‘माझं बारामतीला दुसरं घर हाय, त्ये बोल.’’

‘‘खरंच हाय?’’

‘‘न्हाय रं. पर वजन पडतं.’’

मी बोललो. तात्याबा हसताना चारी बाजूंना बघत होते, सगळे बघतायत ना म्हणून. त्यांच्या बायकोनं घरी गेल्यावर त्यांना दोन दिवस भाकरी दिली नाही, तेही ते अभिमानानं सांगतात.

गुरुजींशी बोलायचं म्हणतेस. बोलणारच आहे. जरा नाव होऊ दे. तलाठी काय, सातबारा देतो. मी मांडव हसवतो.

धम्मदीप


इंदापूर
१२ मार्च १९९६

धम्मदीप,
जयभीम.

तुझं पत्र वाचून शकुबाईंच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. मुली घाबरल्या. गेल्या आठ वर्षांत तसा आवाज कुणी ऐकला नव्हता.

मी मात्र हसले नाही. तुला कळतंय का काय झालंय? आधी तू टॉवेल-टोपी वाटत होतास. आता शिव्या वाटतोस. रांग तीच. आधी डायरेक्टर, मग चेअरमन, मग सरपंच. पहिल्या ओळीतल्यांना आधी, मागच्यांना उरलं तर. कुणी मागितल्या तर आता खोट्या भानगडीही देतोस. पहिल्या दिवशी ज्या म्हातारीनं तुला ‘खरं बोललास’ म्हटलं ना, ती आता म्हणेल का?

आणि तलाठी तरी सातबारा खरा देतो.

रागावू नकोस. म्हणजे तू रागावणारच. तेही चालेल, पण वाच. पुढच्या रविवारी सुप्याला मोठं लग्न आहे, संभाजीचा मांडव आहे असं कळलं. बाबा जाणार आहेत. तलाठी त्याच गावचा, त्यामुळं जरा ऐटीतच जातील. ते पहिल्या ओळीत बसतात. त्यांना विसरू नकोस, एवढंच सांगते.

अंजली

(पेन्सिलीनं: शेळीचा उल्लेख सर्वांत उत्तम. तिसऱ्या परिच्छेदातील मोगरा जुना वाटतो. श.)


सांगवी
२६ मार्च १९९६

अंजली,
जयभीम.

तुझ्या मागच्या पत्रानं दोन दिवस डोकं फिरलं होतं. एक माईक आपटला. संभाजीनं पगारातून कापला. जाऊ दे. परवाचं ऐक, म्हणजे तुझा राग जाईल.

तू म्हणालीस, विसरू नकोस. नाही विसरलो! सुप्याला गुरुजी पहिल्या ओळीत, पांढरा सफारी, खिशाला दोन पेनं. शेजारी तो तलाठी. मी नेहमीप्रमाणं सुरुवात केली. डायरेक्टर झाले, चेअरमन झाले, सुप्याचे दोन व्यापारी झाले, गुरुजींच्या डाव्या बाजूचे झाले, उजव्या बाजूचे झाले. तलाठ्यावर तर पाच मिनिटं बोललो, ‘‘भावसायेब मोजणीला आले की बांध बी लाजून सरकतो.’’ तो हसला नाही, वहीत काही तरी लिहिल्यासारखं करत होता.

मग गुरुजींची पाळी आली. सगळे बघत होते. मी आवाज बदलला, पायातली चप्पल काढली, आणि म्हणालो, ‘‘आणि ज्यांनी शेकडो विद्यार्थी घडवले, असे निमगाव केतकीचे आदरणीय, वंदनीय, गुरुवर्य भानुदास गुरुजी इथं उपस्थित आहेत. त्यांच्या चरणी मी नतमस्तक आहे.’’ आणि पुढं गेलो.

त्यांच्याबद्दल एक वाकडा शब्द नाही. गुरुजी एकदम गंभीर झाले. मला वाटतं, भरून आलं असावं. जेवायलाही थांबले नाहीत.

आता बोलायला जायला हरकत नाही, असं वाटतं.

धम्मदीप


इंदापूर
३ एप्रिल १९९६

धम्मदीप,

तू गाढव आहेस.

मी शनिवारी घरी गेले होते. बाबा सुप्याहून आल्यापासून नीट जेवलेले नाहीत. आई म्हणाली, ‘‘पोरी, तुझ्या बाबाला कुणी तरी काय तरी म्हनलंय.’’ मी विचारलं, काय म्हटलं? तर बाबा कडाडले, ‘‘काहीच म्हटलं नाही! तेच तर!’’

मग सगळं बाहेर आलं. ‘‘त्या सांगवीच्या पोरानं सगळ्यांची घेतली. तो किराणावाला, ज्याला धड सही येत नाही, त्याच्यावर दोन विनोद. आणि मी? मी आदरणीय! शोकसभेत बोलतात तसा बोलला माझ्याबद्दल. चप्पल काढली त्यानं! मंडप माझ्याकडं असा बघत होता की आता हार कुठं घालायचा. तीस वर्षं नोकरी केली, माझ्यात बोलण्यासारखं काहीच नाही?’’

आता ते तुझं नाव घेऊ देत नाहीत. पण साक्षीताईच्या लग्नाला माईकवर तूच पाहिजेस, असंही त्यांनी संभाजीला बजावून सांगितलंय. कारण विचारलं तर म्हणाले, ‘‘बघू, तिथं तरी ह्याला मी दिसतो का.’’

ही शेवटची संधी आहे. त्या दिवशी माझा साखरपुडा आहे आणि तो पुकारणार तूच. आधी बाबांना तू माणसात घे. मग कदाचित ते तुला घेतील.

आणि त्यांच्यावर तात्याबासारखं खोटं बोलायचं नाही. खरं मी सांगते. आमची आई आतले कपडे उघड्यावर वाळत घालत नाही, रस्त्यावरून लोक जातात म्हणून. बाबांची चड्डी दोरीवर टाकते आणि वरून टॉवेल झाकते. लग्न झाल्यापासून. आणि लग्न झाल्यापासून बाबा रोज न्हाणीतून ओरडतात, ‘‘ताईबाई, माझी चड्डी कुठंय?’’ आई रोज सांगते, ‘‘दोरीवर, टॉवेलच्या आत.’’ रोज. मुलींनी शिकावं यावर बाबा तालुकाभर भाषणं देतात. मनापासून देतात. पण तो टॉवेल त्यांनी अजून उचलून बघितलेला नाही.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांभाळून वापर.

अंजली

(पेन्सिलीनं: वापरावे. श.)


सांगवी
१५ मे १९९६

अंजली,

तू सुटीला घरी आहेस, तरी पत्र इंदापूरलाच टाकतोय. शकुबाई वाचतील आणि कसंही करून तुझ्यापर्यंत पोचवतील. शकुबाई, आज आधी तुम्हीच वाचा, मला आता लाज उरलेली नाही.

त्या दिवशी तू आत साक्षीताईजवळ होतीस, म्हणून बाहेर काय झालं ते सांगतो. गुरुजी नवरीचे बाप, तरी पहिल्या ओळीत खुर्ची टाकून बसले. पाहुण्यांकडं बघायचं सोडून माझ्याकडं बघत होते. मी दोन-तीन जणांना घेतलं. गुरुजींनी सफारीची बटणं नीट केली. मी म्हणालो:

‘‘आता आपले गुरुजी.’’

ते खुर्चीत पुढं सरकले.

‘‘गुरुजी गावोगाव सांगतात, मुलींना शिकवा. आपन शिकवल्या. गुरुजी सांगतात, अंधारातनं उजेडात या. आपन आलो. साऱ्या तालुक्याला गुरुजींनी वाट दावली. पर मंडळी, सक्काळी सक्काळी ह्योच मानूस न्हाणीत उभा ऱ्हाऊन वरडतो, ताईबाई, माझी चड्डी कुठंय? आन् ती असती कुठं? दोरीवर! टॉवेलच्या आत! तीस वरसं! ज्याला सोताची चड्डी गावत न्हाय, त्यो आपल्याला दिशा दावतोय!’’

अंजली, बायकांच्या बाजूला जे झालं ते मी सांगू शकत नाही. तुझ्या आईनं पदर तोंडात कोंबला, पण तिचे खांदे सांगत होते. एक आजी उठून उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘आमच्यात बी हेच!’’ मग दुसरी, ‘‘आमच्यात बी!’’ भंतेजी खाली बघत होते, पण त्यांचं चीवर हलत होतं. आणि गुरुजी! डोळ्यांतून पाणी. मांडी थोपटत होते. शेजाऱ्याला म्हणत होते, ‘‘माझ्यावर हाय हं, माझ्यावर.’’

मला वाटलं, जिंकलो.

आणि मग ते थांबले. हसणं तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे बदलले. आजूबाजूला चड्डी-टॉवेल चाललं होतं, आणि गुरुजी एकटेच बसून गणित सोडवत होते. मांडी थोपटायचं थांबलं. माझ्याकडं बघितलं. मग तू ज्या खोलीत होतीस, त्या दाराकडं. मग परत माझ्याकडं.

टॉवेलच्या आतलं सांगवीच्या पोराला कसं माहीत?

साखरपुड्याची चिठ्ठी माझ्या हातात होती. गुरुजी उठले, स्टेजवर आले, चिठ्ठी घेतली, खिशात घातली. पुकारली नाही. तलाठी जेवून गेला. तीन दिवस झाले. तुझा निरोप नाही. गुरुजींनी तुला मारलं तर नाही ना? मी निमगावला येतो. पहार घेऊन येतो. नाही, पहार नको. पण येतो. नाही तर तू लिही.

प्रिय अंजली. हे आता खोडत नाही.

धम्मदीप

(पेन्सिलीनं: अंजली, मी हे स्वतः घेऊन येत आहे. डोक्याचा मुलगा आहे, पण पहार ठेवून ये म्हणावे. श.)


निमगाव केतकी, ता. इंदापूर
२७ मे १९९६

चि. धम्मदीप यास,
जयभीम.

पत्रास कारण की, दि. १२ रोजी आपण जाहीर केलेली माहिती आमच्या घराबाहेर कोणास असण्याचे कारण नव्हते. त्याबाबत घरी चौकशी केली. कु. अंजली हिने काहीही नाकारले नाही. तिच्या आईस विचारले असता त्या म्हणाल्या, ‘‘खोटं काय बोललाय त्यो?’’ पुढे त्यांनी पाच-सहा मुद्दे स्वतःहून मांडले, ते येथे देत नाही. इंदापूरच्या शकुबाई म्हणून एक बाई येऊन दोन तास बसून गेल्या. त्यांना आमच्या घरातील सर्व माहिती आहे, असे दिसते.

आपल्याबद्दल मला अनेक आक्षेप आहेत. आपण शिक्षण अर्धवट सोडले. आपणास राग आवरत नाही. आपल्या बोलण्यात कमरेखालचे प्रमाण जास्त आहे. सुप्यास आपण माझा जो आदर केला, तो मी अद्याप विसरलेलो नाही.

सुप्याच्या तलाठी चिरंजीवांस मी विचारले, त्या दिवशी सारा मंडप हसत असता आपण का हसला नाहीत? ते म्हणाले, ‘‘आपल्यावर कसं हसणार? आपण आदरणीय.’’ या शब्दाशी माझे अलीकडे जमत नाही. साखरपुडा तूर्त तहकूब केला आहे.

आपणास काही विचारावयाचे असल्यास ९ जून रोजी दुपारी घरी यावे. माईक आणू नये.

भानुदास


सांगवी
११ जून १९९६

आदरणीय शकुबाई,
चुकलो. नुसत्या शकुबाई,
सप्रेम जयभीम.

एवढे दिवस तुम्ही माझी पत्रं दुसऱ्याच्या नावावर वाचलीत. हे तुमच्याच नावानं. शेवट कळल्याशिवाय तुम्हाला झोप लागायची नाही, असं अंजली म्हणाली.

नऊ तारखेला निमगावला गेलो. धुतलेला शर्ट, केसाला तेल. ओट्यावर गुरुजी. ‘‘बसा.’’ बसलो. चहा आला. प्यालो. त्यांनी विचारलं, ‘‘काय म्हणता?’’ मी म्हणालो, ‘‘ऊन फार आहे.’’ ते म्हणाले, ‘‘आहे.’’ परत चहा आला. मी म्हणालो, ‘‘यंदा पाऊस वेळेवर येईल म्हणतात.’’ ते म्हणाले, ‘‘म्हणतात.’’ शकुबाई, हजार माणसांसमोर मी डायरेक्टरचा मोगरा काढतो, पण एका म्हाताऱ्यासमोर चार शब्द निघेनात. स्वयंपाकघराच्या दाराशी अंजलीच्या बांगड्या वाजत होत्या, रागानं. तिसरा चहा आला. मी उसाच्या भावाबद्दल बोलायला लागलो.

गुरुजी उठले. ‘‘तुमचं हवामान संपलं की हाक मारा. उकडतंय. मी अंगावर पाणी घेऊन येतो.’’

मी एकटा. अंजली दारातून डोळ्यांनी खातेय. ताईबाई आत पीठ मळतायत. मागं पाण्याचा आवाज. मी मनात वाक्य पाठ करत होतो, गुरुजी, माझी आपणास नम्र विनंती, नाही, गुरुजी, मी आपल्या, नाही. पाण्याचा आवाज थांबला. आणि न्हाणीतून हाळी आली:

‘‘ताईबाई! माझी चड्डी कुठंय?’’

आणि मला काय झालं माहीत नाही. विचार करायच्या आत तोंडातून गेलं:

‘‘दोरीवर हाय गुरुजी! टॉवेलच्या आत!’’

पीठ मळायचं थांबलं. बांगड्या थांबल्या. न्हाणीत ठिबकणारं पाणीसुद्धा थांबल्यासारखं वाटलं. मला वाटलं, संपलं, आता चप्पल शोधावी.

आतून आवाज आला:

‘‘मग बघत काय बसलाईस? आणून दे.’’

बसलाईस! शकुबाई, पत्रात आपण, ओट्यावर तुम्ही, आणि न्हाणीतून तू!

मी परसात गेलो. दोरी होती, टॉवेल होता, आत होती. दाराच्या फटीतून ओला हात बाहेर आला. आजवर लग्नांतून मी किती जणांना टॉवेल दिले असतील, पण एवढ्या मानानं कुणाला दिला नव्हता. त्यांनी टॉवेल धरला. मी सोडला नाही.

‘‘सोड की.’’

‘‘गुरुजी, मला अंजलीशी लग्न करायचंय.’’

हात तसाच राहिला.

‘‘आधी टॉवेल सोड.’’

‘‘आधी सांगा.’’

मग दारामागून, अगदी मुख्याध्यापकाच्या आवाजात, ‘‘बी.कॉम. पुरं करशील?’’

‘‘करीन.’’

‘‘ताईबाई! ह्याला जेवायला वाढा!’’

स्वयंपाकघरातून ताईबाई जे हसायला लागल्या ते भाकरी करपेपर्यंत. मी टॉवेल सोडला.

जेवताना मी विचारलं, हे न्हाणीचं पुढच्या लग्नात माईकवर सांगू का? अंजली म्हणाली, खबरदार. गुरुजींनी घास खाली ठेवला, थोडा विचार केला आणि म्हणाले, ‘‘सांग. पर तात्याबाच्या आधी माझा नंबर.’’

तुमचा,
धम्मदीप